डावखुरा मुलगा आणि उतावळे आम्ही

आम्ही दोघं भाऊ कोल्हापूरचे. दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान एक, घर एक, चूल एक आणि फुटबॉलचं वेडही एकच. आमच्या गावाला हे वेड समजावून सांगावं लागत नाही. इथं पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीचा संघ. दिवाळी झाली की राजर्षी शाहू स्टेडियमवर सामने सुरू होतात ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. जगातल्या कुठल्याही देशात विश्वचषक असला, तरी ब्राझील, अर्जेंटिना आणि जर्मनीचे झेंडे आमच्या गल्लीत लागतात. अब्बाजान आम्हा दोघांना सायकलवरून, एकाला पुढं दांडीवर आणि एकाला मागं कॅरिअरवर बसवून सामन्याला न्यायचे. त्यामुळं खेळणाऱ्याला बाहेरून सूचना देण्याचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळाला आहे, अशी आमची पक्की समजूत होती.

या लेखात आम्हाला त्या समजुतीबद्दल एक कबुली द्यायची आहे. कबुली आमच्या घरातल्या मुलाबद्दल आहे. पण ती सांगायची तर आधी एका तुर्की मुलाची गोष्ट सांगावी लागेल. आमच्या घरात या दोन मुलांच्या गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की वेगळ्या काढता येत नाहीत.

त्या तुर्की मुलाचं नाव अर्दा ग्युलेर. जन्म २५ फेब्रुवारी २००५, अंकारा. तिथल्याच गेंचलेरबिर्लियी क्लबच्या बालसंघात तो तयार झाला आणि २०१९ मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबकडे गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये, सोळाव्या वर्षी, युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात तो पहिल्यांदा मोठ्या संघाकडून उतरला. मधल्या फळीत खेळणारा, डावखुरा, अंगानं सडपातळ. आमच्या अम्मीला कुणीतरी सांगितलं की तुर्की भाषेत 'ग्युलेर' म्हणजे 'हसतो'. तेव्हापासून अम्मीच्या लेखी तो 'हसणारा पोरगा' झाला. टीव्हीवर तो दिसला की, "याला घरी कुणी जेवू घालतं का नाही?" हा तिचा ठरलेला प्रश्न.

आमचं लक्ष त्याच्याकडं गेलं ते आमच्या धाकट्यामुळं. धाकटा म्हणजे आम्हा भावांपैकी धाकट्याचा मुलगा. पण कोण कुणाचा हा हिशेब आमच्या घरात कुणी ठेवत नाही. तो एकाला अब्बा म्हणतो, दुसऱ्याला बडे अब्बा. तोही डावखुरा, तोही मधल्या फळीतला आणि अर्दाहून फक्त दीड वर्षानं लहान. पंधराव्या वर्षी पेठेच्या मोठ्या संघाबरोबर सराव करायला लागला, तेव्हा दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर आमची मान जरा उंच झाली होती, हे कबूल करायला हरकत नाही. त्यानंच मोबाइलवर आम्हाला अर्दा दाखवला. "बडे अब्बा, बॉल येण्याआधी याची मान बघा. बॉल नका बघू."

आम्ही अर्थातच बॉलच बघत होतो.

फेनरबाहचेनं २०२२-२३ च्या हंगामात त्याला दहा नंबरची जर्सी दिली. त्या क्लबात ही जर्सी म्हणजे साधी गोष्ट नाही. ब्राझीलच्या आलेक्सनं ती घातली आणि चाहत्यांनी त्याचा पुतळा उभा केला. त्याच्यानंतर मेसुत ओझिलसारखा विश्वविजेता ती घालून गेला. ती जर्सी सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर चढली. पण प्रशिक्षक जॉर्जे जेझुस त्याला बेतानंच खेळवत होते. कधी शेवटची वीस मिनिटं, कधी काहीच नाही. चाहत्यांची मात्र एकच मागणी होती, अर्दाला खेळवा. आणि खरं सांगायचं तर चाहते चुकत नव्हते. मुलगा उतरला की खेळाचा रंग पालटायचा. १९ जून २०२३ रोजी वेल्सविरुद्ध त्यानं देशासाठी पहिला गोल केला आणि तुर्कस्तानसाठी गोल करणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला. पुढच्याच महिन्यात रेआल माद्रिदनं त्याच्याशी सहा हंगामांचा करार केला. बार्सिलोनालाही तो हवा होता. वर्तमानपत्रांनी नावही दिलं, 'तुर्की मेस्सी'.

अशी नावं देणाऱ्याचं काही जात नाही. ज्याला मिळतात त्याला ती पाठीवर घेऊन धावावं लागतं. हे आज कळतं. तेव्हा आम्ही स्वतःच धाकट्याला गल्लीत 'अर्दा' म्हणून हाका मारत होतो.

माद्रिदला गेल्यावर पहिल्याच महिन्यात, अमेरिकेच्या सराव दौऱ्यावर, अर्दाचा गुडघा गेला. मेनिस्कस फाटला. ऑगस्ट २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. बरा होतोय म्हणेपर्यंत मांडीचा स्नायू दुखावला आणि पुन्हा थांबणं आलं. जगभरच्या चाहत्यांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे काचेचा आहे, कुणी म्हणे फसले माद्रिदवाले, कुणी म्हणे एवढ्या लवकर जायलाच नको होतं. आमच्या चहाच्या गाड्यावरही हीच चर्चा. चार माणसं, पाच मतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरावात वळताना धाकट्याचा पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि अंग फिरलं. आवाज आला म्हणाला. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून नारळाएवढा झाला. एमआरआय काढला, तर मेनिस्कस.

आमची मोठी, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, तेव्हा फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं दस्तरखानावर दोन वाट्या पालथ्या-उताण्या ठेवून सगळ्यांना समजावलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. गादीसारखं काम करतात, धक्का सोसतात, गुडघा स्थिर ठेवतात. कूर्चेच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथं टाका घातला तर ती जुळू शकते. आतल्या भागाला रक्त पोचत नाही, तिथं फाटलं तर बहुतेक वेळा तेवढा तुकडा काढून टाकावा लागतो. तुकडा काढला तर माणूस लवकर चालायला लागतो. पण गादी कायमची पातळ होते आणि पुढं संधिवाताचा धोका वाढतो. टाका घातला तर थांबावं लागतं. पण गुडघा वाचतो.

धाकट्याचं नशीब चांगलं. डॉक्टरांनी टाका घातला. डिसेंबर २०२३. जाताना बजावलं, सहा महिने मैदान नाही. सहा म्हणजे सहा. मोठीनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जूनच्या पानावर लाल गोल काढला.

आता पुढचं नीट सांगतो, कारण चूक इथं आहे.

६ जानेवारी २०२४ रोजी अर्दा पहिल्यांदा रेआल माद्रिदकडून उतरला. कोपा देल रे स्पर्धेत, अरांदिना नावाच्या छोट्या क्लबाविरुद्ध. १० मार्चला, रमजान सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, सेल्टा विगोविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी आला आणि क्लबसाठी पहिला गोल करून गेला. धाकटा पलंगावरून टाळ्या वाजवत होता. त्याचा व्यायाम चालू होता. आधी पाय सरळ उचलणं, मग अर्ध्या बैठका, मग सायकल. मोठी रोज कोनमापक लावून गुडघा किती वाकतो ते मोजायची आणि वहीत लिहायची.

ईद झाली. एप्रिलचा शेवटचा आठवडा आला. आमच्या पेठेचा संघ एका स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. सामना रविवारी. मधल्या फळीतला एकजण लग्नासाठी बाहेरगावी, दुसऱ्याला दोन पिवळी कार्डं. गाड्यावर विषय निघाला. "तुमचा पोरगा आता चालतोय की चांगला. परवा जिना उतरताना बघितला. वीस मिनिटं उतरवा. एक फ्री किक मारली तरी पुरे."

घरी येऊन आम्ही दोघं भाऊ बोललो. चार महिने झाले होते, साडेचार म्हणा. सहा नव्हते झाले. पण दिसायला तो ठणठणीत दिसत होता.

त्या शुक्रवारी, २६ एप्रिलला, मध्यरात्र उलटल्यावर रेआल सोसिएदादविरुद्धचा सामना होता. बायर्नविरुद्धची उपांत्य लढत तोंडावर असल्यामुळं प्रशिक्षक आन्चेलोत्ती यांनी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली होती आणि ला लिगात पहिल्यांदाच अर्दाचं नाव पहिल्या अकरात होतं. आम्ही तिघं अंधारात टीव्हीसमोर. अर्ध्या तासाच्या आत उजवीकडून कार्व्हाहालचा पास आला आणि अर्दानं गोल केला. सामन्यातला तो एकमेव गोल. माद्रिद १-० जिंकलं.

आणि त्या आनंदात आम्ही धाकट्याला म्हणालो, "बघ. त्याचाही मेनिस्कसच होता. तो खेळतोय ना? रविवारी वीस मिनिटं खेळशील?"

तो लगेच हो म्हणाला नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर."

वाचकहो, हे 'तुम्ही म्हणत असाल तर' आम्ही होकार समजलो. आपल्या घरांत मुलं थोरांना तोंडावर नाही म्हणत नाहीत, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण जो मुलगा नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होला काय किंमत असते, हा विचार त्या रात्री आमच्या मनाला शिवला नाही. मोठी हॉस्टेलवर होती. तिला आम्ही फोन केला नाही. का केला नाही, ते आम्हाला माहीत होतं.

रविवारी धाकटा साठाव्या मिनिटाला उतरला. प्रेक्षकांनी त्याच्या नावानं ओरडायला सुरुवात केली, आम्हीही ओरडलो. पहिले दोन पास त्यानं असे दिले की शेजारचा म्हातारा उठून उभा राहिला. बाराव्या मिनिटाला त्यानं बॉल डाव्या पायावर घेतला, वळला आणि खाली बसला. पडला नाही, बसला. गुडघा अडकला होता. सरळ होईना. जुळत आलेला टाका सुटून फाटलेला भाग सांध्यात अडकला होता. स्टेडियमवरून त्याला आम्ही दोघांनी उचलून आणलं. अब्बाजान आम्हाला ज्या रस्त्यानं सायकलवरून न्यायचे, त्याच रस्त्यानं रिक्षात त्याचा पाय मांडीवर घेऊन घरी आलो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत टाका घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुकडा काढावा लागला.

मोठी हॉस्टेलवरून आली. रागावली नाही, हेच जास्त लागलं. तिनं एक कागद घेतला आणि आमच्यासमोर अर्दाच्या तारखा लिहिल्या. शस्त्रक्रिया ऑगस्ट. पहिला सामना, तोही छोट्या क्लबाविरुद्ध, जानेवारी. म्हणजे पाच महिने. ला लिगात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो एप्रिलअखेर. म्हणजे आठ महिन्यांहून जास्त. आणि त्याच्यामागं डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ यांची फौज. "तुम्ही त्याचा गोल बघितला," ती म्हणाली. "दिवस मोजले नाहीत. आणि मोजले असते तरी, दोन गुडघे सारखे नसतात."

आम्हाला उत्तर नव्हतं. ज्या मुलाचा दाखला देऊन आम्ही आमच्या मुलाला मैदानात ढकललं, त्याला त्याच्या क्लबनं आमच्यापेक्षा दुप्पट काळ थांबवलं होतं. आणि तेवढे महिने त्या क्लबच्या नावानं आम्हीच खडे फोडत होतो.

त्या हंगामात अर्दानं ला लिगात दहा सामन्यांत सहा गोल केले. आमच्या घरात टीव्ही फार लागला नाही.

टीव्ही पुन्हा लागला तो १८ जूनला, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी. घरात पाहुणे, स्वयंपाकघरात पातेल्यांचा आवाज, आणि जर्मनीत डॉर्टमुंडला युरो स्पर्धेचा तुर्कस्तान-जॉर्जिया सामना. धाकटा पाय उशीवर ठेवून बसला होता. आम्ही त्याच्याकडं न बघता बसलो होतो. १-१ बरोबरी होती. पासष्टाव्या मिनिटाला अर्दानं पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून डाव्या पायानं जो फटका मारला, तो वळत वळत वरच्या कोपऱ्यात गेला. वय एकोणीस वर्षं ११४ दिवस. युरोतल्या पदार्पणात गोल करणारा सर्वांत लहान खेळाडू. हा मान आधी क्रिस्तियानो रोनाल्डोकडं होता. पाहुणे ओरडले, अम्मी म्हणाली, "हसणारा पोरगा." धाकटा ओरडला नाही. तो म्हणाला, "मारायच्या आधी दोनदा मान वळवून बघितलं त्यानं. जागा आहे हे त्याला आधीच माहीत होतं."

त्या दिवसापासून त्यानं आम्हाला मधल्या फळीचा खेळाडू कसा बघायचा ते शिकवलं. बॉल येण्याआधी तो किती वेळा इकडंतिकडं बघतो. बॉल घेताना अंग अर्धवट वळलेलं आहे का, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढं जाता येईल. पास नुसता पोचला की घेणाऱ्याच्या पुढच्या पायावर पोचला. बॉल गेल्यावर धावत परत मागं येतो का. गोल हा या सगळ्याचा शेवटचा टप्पा. आम्ही चाळीस वर्षं फुटबॉल बघतोय आणि शेवटचा टप्पाच बघतोय, हे आम्हाला एका पाय बांधलेल्या मुलाकडून कळलं.

पुढचा हंगाम, २०२४-२५, अर्दासाठी अवघड गेला. टोनी क्रूस निवृत्त झाले होते. पण मॉड्रिच, बेलिंगहॅम, वाल्वेर्दे, कामाविंगा, चुआमेनी अशी रांग समोर होती. तो कधी शेवटी दहा मिनिटं यायचा, कधी जर्सीवर जॅकेट घालून बाकावर बसून राहायचा. तुर्की चाहते खवळले. गाड्यावर पुन्हा मतांना ऊत आला. एक म्हणे, दुसऱ्या क्लबाला वर्षभर उसना द्या, रोज खेळू दे. दुसरा म्हणे, अंगात ताकद नाही, आधी व्यायामशाळेत घाला. तिसरा म्हणे, दहा नंबरचा खेळाडू उजव्या बाजूला खेळवतात, जागाच चुकीची. चौथा म्हणे, म्हाताऱ्या आन्चेलोत्तींना तरुण पोरं कळतच नाहीत. एका रात्री अर्दाला न उतरवताच सामना संपला, तेव्हा आम्ही दोघं भाऊ टीव्हीसमोर प्रशिक्षकाला वाटेल ते बोललो.

धाकटा शांतपणे म्हणाला, "अब्बा, बडे अब्बा, मला लवकर उतरवलंत. त्याला उशिरा उतरवतात म्हणून ओरडता. बाहेर बसणाऱ्याला नक्की कधी बरोबर वाटतं?"

वर्षभरात तो त्या रविवारबद्दल एवढंच बोलला. नंतर कधी नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही बरेच दिवस शोधलं. चाहत्यांचं सगळंच चुकतं असं आम्ही म्हणणार नाही. पोरात काय आहे ते फेनरबाहचेच्या प्रेक्षकांनी आधी ओळखलं होतं. आम्हीही धाकट्यात जे बघितलं ते खोटं नव्हतं. पण आमच्या हातात आठवड्यातली नव्वद मिनिटं असतात. उरलेले सहा दिवस आम्हाला दिसत नाहीत. आणि पोराचा गुडघा गेला तर दुसऱ्या दिवशी चहा तेवढाच गोड लागतो, बोलायला दुसरा पोरगा मिळतो. किंमत मोजणारा एकटाच असतो.

दोन्ही टोकांची उदाहरणं आहेत. इंग्लंडच्या जॅक विल्शरचं घ्या. सोळाव्या वर्षी आर्सेनलकडून उतरला, एकोणिसाव्या वर्षी बार्सिलोनासारख्या संघासमोर मैदान गाजवलं. पुढचा अख्खा २०११-१२ चा हंगाम घोट्याच्या दुखापतीत गेला आणि नंतर दुखणं सुटलंच नाही. २०२२ मध्ये, तिशीत, निवृत्त झाला. स्पेनचा पेद्री अठरा वर्षांचा असताना एकाच हंगामात क्लब, युरो आणि टोकियो ऑलिंपिक धरून सत्तरहून अधिक सामने खेळला. युरोतला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला, ऑलिंपिकचं रौप्यपदक मिळालं. जग वाहवा करत होतं. त्याच्या मांडीनं मात्र पुढच्या हंगामात हिशेब मागितला आणि कितीतरी सामने तो बाहेर राहिला. पेद्री सुदैवानं पुन्हा उभा राहिला. तेव्हा त्याच्या नावानं ओरडणाऱ्या कुणी सामने मोजले होते? आम्ही तरी नाही.

अर्दाचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. २०२५ च्या वसंतात आन्चेलोत्ती यांनी त्याला मैदानाच्या मध्यभागी, जरा मागून, खेळ रचण्यासाठी वापरायला सुरुवात केली. तक्रार करणाऱ्या आमच्या गाड्यावर ही जागा कुणालाच सुचली नव्हती. एप्रिलमध्ये गेटाफेविरुद्ध एकमेव गोल त्याचा. त्याच आठवड्यात कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात तो बदली म्हणून उतरला आणि त्याच्या कॉर्नरवर चुआमेनीनं गोल केला. सामना माद्रिद हरलं, तो भाग वेगळा. उन्हाळ्यात आन्चेलोत्ती ब्राझीलला गेले, झाबी अलोन्सो आले. ते स्वतः याच जागेवर खेळून मोठे झालेले. क्लब विश्वचषकात त्यांनी अर्दाला मधोमध ठेवलं आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला तो पहिल्या अकरात दिसू लागला. बाकावरची दोन वर्षं वाया गेली असं आम्ही म्हणत होतो. कदाचित काही महिने खरोखरच वाया गेलेही असतील. पण परवा एका सामन्यात त्याला बॉल हरवल्यावर चाळीस मीटर मागं धावत जाऊन परत हिसकावताना बघितलं, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडं बघून गप्प बसलो. फेनरबाहचेचा अर्दा असा धावत नव्हता.

आणि धाकटा? तो अर्दा होणार नाही. तो होणार होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि तो प्रश्न आम्हा दोघांना आयुष्यभर पुरेल. पण तो खेळतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुरतं एक वर्ष त्यानं बॉलला हात, म्हणजे पाय लावला नाही. कॉलेज केलं, सकाळी मोठीनं लिहून दिलेला व्यायाम केला, संध्याकाळी दुकानावर बसला. बेरिंग आणि क्लच प्लेटच्या डब्यांवर त्यानं नीट अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. इतकी वर्षं आम्ही ते करू करू म्हणत होतो. मग मोकळ्या मैदानावर लहान पोरांना शिकवायला जाऊ लागला. पहिला धडा एकच, बॉल येण्याआधी मान वळवा. शेवटी स्वतःही खेळू लागला, पेठेच्या दुसऱ्या संघाकडून, मधल्या फळीत मागं. धावणं कमी झालंय, बघणं वाढलंय.

गेल्या महिन्यात संध्याकाळी गाड्यावरची चौघं घरी आली. पहिल्या संघात दोघं जायबंदी होते, रविवारी मोठा सामना होता. अम्मीनं चहा दिला. त्यांनी विचारलं, "सोडता का पोराला? अर्धा तास."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. धाकट्याला हाक मारली आणि म्हणालो, "यांना तुझ्याशी बोलायचंय. आम्ही दुकानात जातो."

खरंच खाली गेलो. शटर अर्धं ओढलेलं होतं, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. वरून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दहा मिनिटांनी चौघं खाली उतरली, सलाम करून गेली. धाकटा मागून आला आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसला.

"काय म्हणालास?" आम्ही विचारलं.

"पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. आपाला विचारून." एवढं बोलून त्यानं वही ओढली आणि दिवसभराची बेरीज करायला घेतली.